तीन बाटल्या आणि सुटलेली गाडी

"अहो, पाणी भरताय की विहीर उपसताय?"

तिनं हे तिसऱ्यांदा विचारलं. फलाटावरच्या एकुलत्या एका नळापुढे तो उंच, किडकिडीत तरुण शांतपणे तिसरी बाटली भरत होता. सकाळपासून हा माणूस गाडीत तिच्या समोरच्याच बाकावर पुस्तकात नाक खुपसून बसला होता. आणि आता अख्ख्या डब्याच्या बाटल्या गोळा करून आला होता!

"झालंच… ही तुमच्या मावशींची आहे," तो म्हणाला.

ती काहीतरी खरमरीत बोलणार, तेवढ्यात मागे गाडीला गचका बसला. दोघंही धावत सुटले. पण निम्म्या वाटेत त्याच्या हातून एक बाटली निसटली, तो ती उचलायला वाकला, आणि मागून आलेली ती त्याच्यावर धाडकन आदळली. दोघं सावरेपर्यंत शेवटचा डबा निघून गेला होता. वर गार्डनं झेंडी हलवली, जणू निरोपच देत होता.

"उचलायची काय गरज होती?"

"मावशींची होती ना!"

स्टेशनमास्तरांनी दोघांना खालीवर न्याहाळलं. "पुढची गाडी अडीच तासांनी. नवरा-बायको का?"

"नाही!" दोघं एकदमच ओरडले.

"भांडण तसं वाटलं, म्हणून विचारलं."

तिनं मावशीला फोन लावला. मावशीचा आवाज बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

"मी जंक्शनला उतरते सगळं सामान घेऊन, तिथे ये. पण ऐक! त्या मुलाचा पत्ता मिळतोय का बघायला त्याच्या पिशवीत हात घातला, तर डबीत दात निघाले! माणसाचे! अख्खी बत्तिशी! तू त्याच्यापासून लांब बस!"

ती हातभर लांब सरकली. "तुम्ही… काम काय करता?"

"कवळ्या बनवतो," तो ओशाळून म्हणाला. "जंक्शनला एक म्हातारे गुरुजी वाट बघतायत. उद्या नातीच्या लग्नात भाषण करायचंय त्यांना. आणि दात नसले की 'स'चा 'फ' होतो. 'सुखी संसार' म्हणायला जातात, तर—"

तिला हसू आवरेना. हसता हसता तिचा हात सवयीनं तोंडावर गेला.

"हात कशाला?"

"दात वाकडे आहेत माझे."

"माहीत आहे. वरचे दोन. सकाळी मावशींशी बोलताना हसलात, तेव्हा दिसले."

"म्हणजे तुम्ही पुस्तक वाचत नव्हतात!"

"अकराव्या पानावर होतो," तो बाटलीच्या झाकणाकडे बघत म्हणाला. "अजून तिथंच आहे. सरळ दात मी रोज बनवतो हो… एकासारखा एक. पण असे दोन काही जमायचे नाहीत मला."

मग ती कामावर घसरली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं तिचं काम. "तुम्ही फार डोळे बारीक करता. समोरची पाटी वाचा बरं."

"कुठली पाटी?"

"अरे देवा!"

अडीच तास कसे गेले, कळलंच नाही. स्टेशनमास्तरांनी चहा पाजला. तिनं सांगितलं, की वरच्या बर्थवर पालथं पडून खालच्यांच्या गप्पा ऐकण्यासारखं सुख नाही. तो म्हणाला, त्याला गाडीची शिट्टी ऐकली की उगाचच भूक लागते. बोलता बोलता तिनं हेही सांगून टाकलं, की तिकडे दूरच्या शहरात नवं दुकान निघालंय, ते सांभाळायला ती चालली आहे. तीन वर्षांसाठी.

"तीन…" तो एवढंच म्हणाला, आणि रिकामाच कप पुन्हा तोंडाला लावला.

संध्याकाळी दोघं जंक्शनला पोचले, तर फलाटावर ट्रंकेवर मावशी आणि शेजारी नवी कवळी चढवलेले गुरुजी. गुरुजी बोलत होते, मावशी कपाळ चोळत होती.

"बिनदाताचा माणूस दिसला, तेव्हाच ओळखलं, हे यांचेच दात," मावशी त्याला म्हणाली. "पण इतके चांगले नको होते हो बसवायला. तासभर तोंड मिटलेलं नाही!"

ती आणि मावशी याच गाडीनं पुढे जाणार होत्या, आणि गाडी आठच मिनिटं थांबणार होती. त्यातली सहा सामान चढवण्यात गेली. तो खिडकीखाली उभा राहिला. एकदा खाकरला, मग पुन्हा खाकरला.

"पाणी हवंय का तुम्हाला?" तो म्हणाला.

"पाण्याचं नावही काढू नका! दोन मिनिटं उरलीत. काय सांगायचंय ते सांगा."

"तुम्ही मला आवडता," तो एका दमात म्हणाला. "एका दिवसात असं कुणी बोलत नाही, कळतंय मला… पण तीन वर्षं थांबून बोललो, तरी हेच बोलणार."

डब्यातल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. तिचे कान तापले.

"आमचं दुकान रविवारीही उघडं असतं," ती खिडकीच्या गजांना म्हणाली.

पुढच्याच रविवारी तो चौदा तासांचा प्रवास करून चष्म्याचा नंबर काढायला हजर झाला. मग काच सैल झाली म्हणून आला. मग दांडी कानाला टोचते म्हणून. पाचव्या खेपेला त्याला कारणच सापडलं नाही, तरी तो आला. सहा महिन्यांत त्या गाडीचे तिकीट तपासनीससुद्धा त्याला 'चष्मा कसाय?' असं विचारू लागले.

अशाच एका रविवारी दुपारी तिनं घाईघाईनं दुकान आवरलं. "चला, परतीची गाडी चुकेल तुमची."

"माझ्याकडे परतीचं तिकीट नाही."

"हरवलं?"

"काढलंच नाही. इथल्या एका दवाखान्यात काम मिळालंय… उद्यापासून."

ती हातात किल्ली घेऊन गर्रकन वळली. मग एकदम उसळून म्हणाली, "मग आधी सांगायचंस ना रे? आणि राहणार कुठे आहेस? काही बघितलंयस की नाही तू?"

तो नुसता हसत उभा.

"हसतोस काय?"

"'तू' म्हणालात मला," तो म्हणाला. "आत्ता. चार वेळा."

तिनं कुलूप लावलं. बराच वेळ लावत होती.

"चल," ती पाठमोरीच म्हणाली, "खोली बघू तुझ्यासाठी. आणि आता तूही 'तू' म्हण."