शटरमागच्या थापा

विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण हे आमच्या गिरधरकाकांच्या बाबतीत खरंच घडलंय. गेल्या थंडीत, बुऱ्हाणपूरला, असीरगड रस्त्यावरच्या त्यांच्या गोदामात. काकांनीच नंतर मला सांगितलं.

ई-रिक्षातून काढलेल्या, आयुष्य संपलेल्या सोडियम बॅटऱ्या काका विकत घ्यायचे. त्या फोडून आतला अॅल्युमिनियमचा पत्रा आणि काळी भुकटी वेगळी करायची, असा धंदा. हा सगळा पसारा अक्षयसाठी, एकुलत्या एका मुलासाठी मांडलाय, असं ते येताजाता सांगत.

फोडायची खोली मागे, मधे शटर. आधी दोन्ही टोकांना तार जोडून उरलासुरला करंट उतरवायचा. मीटरवर शून्य दिसलं की मगच फोडायचं. हे काम निंबाचं, काकांच्या जुन्या कामगाराचं.

त्या दिवशी माल न्यायला आलेला ट्रक दारात उभा होता.

"शेठ, करंट बाकी हाये अजून," निंबा म्हणाला.

"अरे फोड ना! सोडियमची हाये, थोडीच पेटती!"

ती पेटली.

बाहेर भरलेला माल होता. काकांनी शटर खाली ओढलं... निंबा आत असताना.

आतून थापा आल्या. बराच वेळ आल्या. मग थांबल्या.

माल वाचला. निंबा आत होता हे ठाऊकच नव्हतं, असं काकांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मानलंही.

निंबाचा तेरावा झाला आणि दिवेलागणीला...

धप्. धप्.

काकांनी शटर उघडलं. आत कोणी नाही. पण शून्यावर उतरवलेल्या बॅटऱ्यांना मीटर लावलं, तर सगळ्या भरलेल्या!

मग हे रोजचंच झालं. काकांची पाचावर धारण बसली. त्यांनी शटरला नवं कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला बांधली. काही झालं तरी उघडायचं नाही, असं ठरवलं.

संक्रांतीच्या संध्याकाळी थापा फार जोरात आल्या. पाठोपाठ घोगरा, दबलेला आवाज...

"पप्पा... खोलो ना..."

काकांना हसूच आलं. रोजचा शेठ म्हणणारा आज पप्पा म्हणतोय!

"लई नाटकं झाली रे निंबा," ते ओरडले. "मर तिथंच!"

खोकला ऐकू आला. पत्र्यावर नखं घासली. मग सगळं शांत झालं. कितीतरी दिवसांनी काकांना बरं वाटलं.

तेवढ्यात छायाकाकू तिळगूळ घेऊन आल्या.

"अहो, अक्षय कुठंय? तुम्हाला बोलवायला म्हणून केव्हाचा निघालाय."

काकांनी धावत जाऊन कुलूप काढलं, शटर वर ओढलं.

अक्षय शटरला टेकून पडला होता. नाकातोंडात काजळी. खोलीत मात्र काहीच जळलेलं नव्हतं. सगळ्या बॅटऱ्या... शून्यावर.

कुलूप बाहेरून, किल्ली काकांकडे. तो आत गेला कसा, ते पोलिसांनाही कळलं नाही. मी ती खोली पाहिली आहे. तिला दुसरं दार नाही, खिडकी नाही.

थापा तेव्हापासून बंद आहेत. काका मात्र रोज दिवेलागणीला शटरला कान लावून बसतात. एकदा तरी आतून "पप्पा" ऐकू यावं म्हणून.

काहीच ऐकू येत नाही.