मास्तरांचे दोन अल्सर

"माझी बायको माझ्यावर विषप्रयोग करतेय," शिंप्याच्या दुकानातले कटिंग मास्तर म्हणाले आणि मगच बसले.

गुप्तहेर बाईंच्या ऑफिसचे तीन जिने ते एका दमात चढून आले होते. बाईंनी चहा विचारला, तर त्यांनी हात जोडले.

"अल्सर आहेत. एक जठरात, एक पुढच्या आतड्यात. खाल्लं तरी दुखतं, उपाशी राहिलं तरी दुखतं. औषधांनी उतार पडला होता. आता उलटीत रक्त! पुन्हा पडलं तर जिवावर बेतेल म्हणतात."

"जिने बरे चढलात!"

"गुडघ्यांनी वर्षभर छळलं. दुखण्याच्या गोळ्या अल्सरवाल्याला वर्ज्य, म्हणून सोसलं. आपोआप बरे झाले. रविवारी दुकान बंद असलं की तेवढी काठी लागते."

"चला, काहीतरी तर बरं झालं," बाईंचे मदतनीस, निवृत्त कंपाउंडर म्हणाले. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात प्रकाश उशिरा पडायचा.

बाई घरी पोचल्या तेव्हा मास्तरांची बायको भाजी निवडत होती. "डबा मीच भरते. रविवारीही माझ्याच हातचं जेवतात. तेच बिनतिखटाचं मीही गिळते. हल्ली मात्र ताट वाढलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात."

दुकानात धाकटा भाऊ भेटला. "वहिनीचं मी काय सांगू? मी आपला दुपारी दादाला काढा देतो. कडूजहर, पण गुणकारी. गणवेशांची ऑर्डर डोक्यावर आहे. दादा उभा राहिला नाही, तर कापड कापणार कोण?"

बाईंनी तिघांनाही मास्तरांच्या घरीच एकत्र बसवलं.

"विष नाही, गुडघ्याचं औषध," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या नकळत पोटात जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या. त्यांनीच अल्सर चिघळले. घरचं जेवण रोजचं, पण गुडघे दुखतात फक्त रविवारी. म्हणजे गोळी दुकानात मिळते. आणि कडू गोळी कडू काढ्यातच लपते."

कंपाउंडरांनी कपाळावर हात मारला.

धाकटा खाली बघत पुटपुटला, "दादा, ऑर्डर संपली की बंद करणार होतो."

"मी मेलो असतो रे! तुला मी हाताला धरून कात्री शिकवली." मास्तर ओरडले. मग ते बायकोकडे वळले. "अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मास्तरांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. तिला कळलं. तिने बाईंकडे पाहिलं, बाईंनी नजर चुकवली.

"तुमच्या भावाने गोळ्या दिल्या त्या ऑर्डरपायी," ती म्हणाली. "मी कशापायी मारणार होते तुम्हाला? एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तुम्ही स्वतःला तेवढंही विचारलं नाहीत."

तिने त्यांचं ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि चपला घालून ती माहेरी, आपल्या भावाकडे निघून गेली.