पहिल्या हाकेला

तुम्हीच मारलंत त्याला, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ताप होता, तो कुणाच्या हातातला नव्हता. पण ज्या घरात गेलेल्या मुलाचं नाव उच्चारायला बंदी होते, फोटो कपाटात कपड्यांखाली जातात, शेजारणी त्याचा विषय निघाला की भाजीच्या भावाचं बोलायला लागतात, तिथे दुसरा घाव जिवंत माणसंच घालतात. वर त्याला सावरणं म्हणतात. आणि ते मूल? ज्याला कुणी हाकच मारत नाही, त्याने जायचं तरी कुठे?

ही आई काही मुलाला शोधायला बाहेर पडली नव्हती. तिच्या चष्म्याची काडी मोडली होती. दुकानदार म्हणाला, "अर्ध्या तासाने या, ताई." ऊन मी म्हणत होतं. शेजारी झटपट सँडविच मिळायचं दुकान होतं, ती सावलीसाठी तिथे शिरली.

आत पाव शेकायच्या यंत्राची घरघर होती, काचेमागे चिरलेल्या भाज्यांची भांडी होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडावर गाडी सुटत असल्यासारखी घाई होती. काउंटरवरची पोरगी प्लॅस्टिकचे हातमोजे चढवून विचारत सुटली होती. पाव कुठला? शेकू? कांदा? तिखट?

"नाव?"

आईच्या तोंडून निघून गेलं, "ढब्बू."

"ढब्बू मिरची घातलीय, काकू. नाव सांगा, नाव. तयार झालं की हाक मारते."

"नावच आहे ते. माझ्या मुलाचं."

पोरगी खुदकन हसली. "बिच्चारा!"

थोड्या वेळाने तिने गळा ताणून हाक मारली, "ढब्बूऽऽ!" दोघंतिघं हसले. आई मात्र टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिली. कुणाच्या तरी तोंडून ते नाव असं खणखणीत बाहेर पडलं होतं, भर दुपारी, सगळ्यांदेखत.

घरात ते नाव बंद केलं होतं वडिलांनी. स्मशानातून परतल्यावर दारातच म्हणाले होते, "ह्या घरात आता ते नाव काढायचं नाही." हाच माणूस एकेकाळी पोराच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचा, "बघशील, नाव काढील आपलं!"

तिने त्यांना दोष दिला नव्हता. तिला कारण माहीत होतं. तापाच्या ग्लानीत पोरगा "बाबा… बाबा…" म्हणून हाका मारत होता आणि ते औषधाच्या दुकानातल्या रांगेत उभे होते. धापा टाकत परत आले, तेव्हा हाका थांबल्या होत्या. द्यायची राहिलेली ती ओ त्यांच्या घशात अडकून बसली, आणि तिच्या मागे ते नावही.

आई मग दर आठवड्याला त्या दुकानात जाऊ लागली. तिथे तिला हाव सुटली. पहिल्या हाकेला उठायचं नाही, म्हणजे पोरगी पुन्हा हाक मारते. ढब्बूही तसाच होता. पहिल्या हाकेला ओ देईल तर शपथ. ताट निवून जायचं. तिसऱ्या हाकेनंतर कुठे आतल्या खोलीतून लांबलचक आवाज यायचा, "आऽऽलो गं!"

एकदा ती दुसऱ्या हाकेलाही उठली नाही.

"ढब्बूऽऽ! अरे, कुठे उलथलास?" काउंटरवरून तिसरी हाक आली.

यंत्राची घरघर थांबली. भाजलेल्या पावाचा वास विरळ झाला आणि त्याच्याखालून दुसराच एक वास वर आला. तापलेल्या कपाळावर वाळलेल्या ओल्या फडक्याचा, आंबूस. तिच्या अगदी कानामागे…

"आऽऽलो गं…"

तिची मान वळेना. वळली, तेव्हा काउंटरवर पुडकं नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचा कागद उघडा पडला होता. ढब्बू मिरचीच्या चकत्या वेचून काढून कागदाच्या कडेला चिकटवून ठेवल्या होत्या. त्याला ती मिरची कधीच आवडली नव्हती.

"कुणी… नेलं?"

"ढब्बूनेच की!" पोरगी म्हणाली. "आणि काकू, रागावू नका, पण त्याला असं बाहेर कशाला सोडता? केवढा ताप आहे अंगात. मोज्यातून चटका बसला मला."

त्या दिवशी ती घरी आली ती दारातूनच बोलत.

"त्याचा ताप उतरलेला नाहीये."

वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "कुणाचा?"

"तुम्हाला माहितीये कुणाचा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नसेल. पण तो तिथे तापाने फणफणलाय, आणि आपण इथे तोंडं शिवून बसलोय. त्याच्या कपाळावर पट्टी ठेवायलाही कुणी नाही हो…"

वर्तमानपत्र खाली आलं. वडील उठले आणि पायाने चपला चाचपू लागले.

दुकानात रांग होती. पोरगा गेल्यापासून ते कुठल्याच रांगेत उभे राहिले नव्हते. टेबलाशी बसलेल्या आईला दिसत होतं, ते सारखे तळहात विजारीला पुसत होते. त्यांच्या पुढे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. ते सरकले की ती जागाही सरकायची.

"काका, पुढे व्हा की," मागचा माणूस वैतागला.

काउंटरवर त्यांची पाळी आली.

"नाव?"

त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काका, नाव? मागे खोळंबा होतोय."

"ढब्बू," ते म्हणाले. वर्षानुवर्षं न उघडलेल्या कडीसारखा आवाज आला.

ते तिच्याजवळ येऊन बसले. पहिली हाक आली, मग दुसरी. तिसरीला आईची नखं त्यांच्या मनगटात रुतली.

कुणी ओ दिली नाही.

पोरीने आणखी एकदा हाक मारली आणि पुडकं बाजूला सरकवलं. वडिलांनी मघापासून धरून ठेवलेला श्वास सोडला. "बघ… नाहीये कुणी. चल, घरी चल." आईने मान खाली घातली. त्याला उशीर व्हायचा, पण तो यायचाच. आज तेही संपलं. आता ती कुठल्या आशेवर इथे येणार होती?

पोरीने दुसरं पुडकं उचललं. त्याच्यावरची चिठ्ठी वाचली.

"बाबा!"

खुर्ची धाडकन मागे पडली.

"आलो रे… आलो राजा!"

टेबलांना धडकत ते निघाले. पहिल्याच हाकेला. तो आंबूस वास दुकानभर पसरला. आईला "थांबा" म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या ओठापर्यंत आला. पण त्यांचा चेहरा तिला दिसला, पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा उजळलेला, आणि तिने तो शब्द गिळला.

वडिलांनी दोन्ही हात पुढे करून पुडकं घेतलं. पोरीने चटकन हात झटकला आणि मोज्यातल्या बोटांवर फुंकर घातली.

"अगंबाई, काका… तुमचाही हात तापाने भाजतोय."

मग त्यांच्या खांद्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून ती म्हणाली, "अरे, उभा काय राहिलास? घेऊन जा की बाबांना."