बोदिलचा श्वास

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

रविवार, १३ नोव्हेंबर २०१६. दुपारचे तीन. डेन्मार्कमधलं ऑर्हूस, एगोनचं घर.

एगोन म्हणजे माझ्या बहिणीचा, बोदिलचा नवरा. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती चर्चच्या गायनवृंदात गायची. त्या गाण्यांची एकच सीडी मागे राहिली होती. चोवीस आवाजांतून तिचा आवाज वेगळा ऐकू यावा, म्हणून या वेड्याने सीडी प्लेअर उघडून आतले भाग बदलायचा सपाटा लावला होता.

प्लेअरच्या कंपनीने तर साफ कळवलं होतं, ‘याने आवाजात काडीचाही फरक पडत नाही.’

"पडतो!" एगोन म्हणाला. "गाण्याआधी ती श्वास घेते. तो ऐकू येतो मला."

"तुझे कान वाजताहेत."

"मग घे परीक्षा, मेव्हण्या! हरलो तर हे सगळं सामान समुद्रात फेकतो."

त्याने डोळ्यांवर मफलर बांधला. समोर दोन प्लेअर. एक कंपनीचा जसाच्या तसा, एक त्याने बदललेला. सीडी आणि त्याची ती लाडकी, महागडी विजेची वायर मी दर वेळी इकडून तिकडे करत होतो. कुठला वाजतोय, ते त्याने ओळखायचं.

नऊ वेळा लावलं.

नऊही वेळा बरोबर...

दहाव्यांदा मी सीडी ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं.

शांतता...

"आली," एगोन पुटपुटला. "इतकी जवळ कधीच आली नव्हती रे."

मी खाली पाहिलं.

वायर माझ्या हातातच होती.

प्लेअर बंद होता!

आणि माझ्या उजव्या कानाशी... कुणीतरी खोल श्वास घेतला.

मी घाईघाईने वायर जोडली. गाणं सुरू झालं. एगोनने मफलर ओरबाडून काढला.

"तेवीसच आवाज आहेत," तो म्हणाला. "बोदिल कुठे आहे?"

त्याने दोन्ही प्लेअरवर पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. ती कुठेच नव्हती.

"ती बाहेर आली होती," एगोन ढसाढसा रडला. "तिला परत जाता आलं नाही."

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. "तुला काही ऐकू आलं का रे?"

मी नाही म्हणतो.

खोटं बोलतो. उजव्या कानाशी तो श्वास अजून येतो, भीतीने रात्ररात्र डोळा लागत नाही, तरी खोटं बोलतो. खरं सांगितलं तर तो तिला न्यायला येईल.

आणि ती माझी बहीणही आहे.