सोड म्हणेपर्यंत

दुपारची गोष्ट आहे. भुताखेतांना मध्यरात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल तसं वाटून घ्यावं. ही गोष्ट दुपारी सव्वातीनला सुरू झाली, वाद्यांच्या एका दुकानात, चारी ट्यूबलाइट चालू असताना. माणूस गेला होता लेकीसाठी एक छोटा कीबोर्ड निवडायला. लेक मागाहून तिथेच येणार होती. एवढंच काम.

या माणसाला सगळे कानसेन म्हणत. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे कशाने ते सांगायला नको. गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, पण कान असा तिखट की शेजारच्या घरातला पंखा जरा वेगळा घुमला तरी याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. उभं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं. साठी येईपर्यंत याचं ओळखीतल्या प्रत्येकाला एकदा तरी बहिरं ठरवून झालं होतं.

त्यात लेकही आली. चार वर्षांपूर्वी तिने एका छोट्या कार्यक्रमात कीबोर्ड वाजवला, तेव्हा हा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामाची भाची! दुसरं काय होणार?" तेव्हापासून लेक बोलेनाशी झाली. आई असती तर मध्ये पडली असती, पण ती कधीच गेली होती. आणि परवा अचानक लेकीचा फोन. दूरच्या शहरात नोकरी लागली होती, शनिवारी विमान होतं. "बाबा, हातात नेता येईल असा छोटासा कीबोर्ड हवाय. जुन्या वाद्यांचे आवाज असलेला. तुम्हाला त्यातलं कळतं. निवडून द्याल?"

कानसेनाला रात्रभर झोप लागली नाही. आनंदाने. पण कबूल करेल तर तो कानसेन कसला? फोनवर म्हणाला, "बघतो, वेळ मिळाला तर."

दुकानात जाड चष्म्याची एक बाई होती. तिने काउंटरच्या काचेवर एकेक कीबोर्ड मांडायला सुरुवात केली.

"हा बघा, पंचवीस पट्ट्यांचा. अगदी हलका."

"हलकाच आहे. सगळ्याच बाबतीत."

"हा दुसरा. यात जुन्या टेपसारखी खरखर आणायचं बटणसुद्धा आहे."

"खरखर आणायचं?" कानसेनाने हात जोडले. "अहो बाई, खरखर काढता काढता आमचे केस पांढरे झाले आणि तुम्ही ती बटण दाबून विकता? धन्य आहे! उद्या नवं ताट विकाल, त्याला खरकटं लावायचं बटण असेल."

अशी गिऱ्हाइकं तिने पुष्कळ पाहिली असावीत. तिने तिसरा कीबोर्ड काढला. सदतीस पट्ट्या, बॅटरीवर चालणारा, स्वतःचे दोन छोटे स्पीकर असलेला, पाठीवरच्या पिशवीत बसेल एवढा. कानसेनाने नाक मुरडतच एका बोटाने आवाज बदलायला सुरुवात केली. ऑर्गन... छे. तंतुवाद्य... शी! मग एक जुना इलेक्ट्रिक पियानो लागला आणि त्याचं बोट थांबलं.

हा आवाज त्याचा होता. म्हणजे त्याने केलेला होता. आई गर्दीत पोरगं ओळखते तसा त्याने तो ओळखला. अठरा वर्षांपूर्वी एका कंपनीला विकला होता. त्या कंपनीने दुसरीला विकला असेल, दुसरीने तिसरीला. फिरत फिरत तो या प्लॅस्टिकच्या डब्यात येऊन बसला होता.

"हा आवाज मी केलाय," तो बाईला म्हणाला. छाती चार बोटं वर आली.

पण केला होता म्हणजे काय, ते ऐका. पियानो होता मेव्हण्याचा, बायकोच्या धाकट्या भावाचा. लेकीचा मामा तो हाच. हॉटेलांच्या कोपऱ्यात बसून लोकांच्या जेवणामागे वाजवायचा. दमेकरी, अबोल, सांगकाम्या. कानसेन त्याला "फुंकणी" म्हणायचा, कारण श्वास घेताना मामाच्या छातीतून बारीक शीळ यायची. पियानोचा आवाज साठवून विकायचा असेल तर प्रत्येक पट्टी वेगळी दाबावी लागते, चार वेळा, हळूपासून जोरात, आणि दर वेळी सूर पूर्ण विझेपर्यंत धरून ठेवावी लागते. हे काम मामाचं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या होत्या, आत मामा, पियानो, त्याचा लाकडी स्पीकर आणि समोर माइक. दार लावून बाहेर कानसेन, कानाला हेडफोन. नियम एकच. सूर चालू असताना पट्टी सोडायची नाही आणि श्वासही घ्यायचा नाही. सूर विझला की बाहेरून कानसेन म्हणणार, "सोड." मग दोन्ही सोडायचं.

मामाने त्याचा खेळ केला होता. दहा वर्षांची भाची त्याच्या मांडीवर बसून पट्टी दाबायची, गाल फुगवून श्वास धरायची, आणि मामा म्हणायचा, "चिमणे... सोड!" मग दोघंही खिदळायची.

नऊ दिवस हे चाललं. वरच्या पट्ट्यांपासून खाली येत येत शेवटी उरली डावीकडची सगळ्यांत जाड, खर्जातली पट्टी. तिचा सूर विझायला अर्धं मिनिट लागायचं. मामाच्या छातीला अर्धं मिनिट म्हणजे डोंगर. दर वेळी शेवटी ती शीळ यायचीच. एकदा, दोनदा, पाचदा. दम्याचा पंपही बाहेर खुर्चीवरच्या कोटात राहिला होता, कारण त्याचा फुस्स आवाज साहेबांना खपत नव्हता.

"हे बघ फुंकण्या," कानसेन शेवटी म्हणाला, "आता मी सोड म्हणेपर्यंत श्वास घेतलास तर याद राख."

"बरं, भाऊजी."

मामाने पट्टी दाबली. आणि कानसेनाने हेडफोन काढून ठेवले, स्वयंपाकघरात गेला, चहाचं आधण ठेवलं. जरा अद्दल घडू दे म्हणून. आलं किसून घातलं. खिडकीत उभं राहून निवांत प्यायला. परत येऊन दार उघडलं तेव्हा मामाचं कपाळ पियानोवर टेकलेलं होतं आणि बोट पट्टीवर तसंच होतं. डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका. असेलही. कानसेनाने सगळ्यांना सांगितलं, "मी शेजारीच होतो. हात हातात होता. शांतपणे गेला."

तो शेवटचा सूर मात्र स्वच्छ आला होता. शीळ नाही, काही नाही. फेकून कशाला द्यायचा? विकला.

तर आता दुकानात कानसेनाला आपली करामत तपासायची हुक्की आली. छोट्या कीबोर्डवर ती खर्जाची पट्टी दिसत नाही. सप्तक खाली न्यायचं बटण दाबलं की मग ती डाव्या टोकाला येते. त्याने बटण दोनदा दाबलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

सूर उमटला. जाड, उबदार. काउंटरची काच किंचित थरथरली. हळूहळू तो खाली बसत गेला आणि अर्ध्या मिनिटाने विझला. कानसेनाने समाधानाने बोट उचललं.

पण आवाज थांबला नाही. सूर संपला होता, खोली संपली नव्हती. स्पीकरमधून एका बंद खोलीची शांतता येत होती. भिंतीला गाद्या लावलेल्या खोलीची. शांतताही त्याला ओळखू येत होती, असा कान!

"बंद करा हे," तो म्हणाला.

बाईने बटण बंद केलं. शांतता येतच राहिली. ती दुकानातल्या शांततेपेक्षा घट्ट होती.

आणि मग, अगदी तळातून, कोणीतरी ओठ न हलवता बोलल्यासारखं...

"भाऊजी... सोडू?"

तेवढ्यात दुकानाचं दार ढकलून लेक आत आली आणि तो आवाज बंद झाला.

"सापडला का बाबा?" तिने पिशवी खाली ठेवली, कीबोर्ड चालू केला आणि सहज चार सूर वाजवले. मग तिचा चेहराच बदलला. "हा... हा तर मामाचा पियानो!" तिचे डोळे भरून आले. "तुम्ही हा शोधून काढलात? माझ्यासाठी?"

चार वर्षांनी लेकीने त्याच्या दंडाला हात लावला. त्या क्षणी त्याला जगात दुसरं काही नको होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं, कीबोर्ड पिशवीत भरायचा होता आणि तिच्याबरोबर रस्त्याने घरी चालत जायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "चल, बांधून घेऊ."

"थांबा ना, एकदा खर्ज ऐकते." तिने सप्तकाचं बटण दोनदा दाबलंही होतं, बोट डाव्या टोकाला गेलं होतं.

"नको!"

पट्टी दाबली गेली होती. लेकीने हसत हसत, दहा वर्षांची झाल्यासारखे गाल फुगवून श्वास धरला. सूर उमटला, उतरत गेला, विझला. लेक हसतच होती. मग हसू विरलं. बोट पट्टीवरून निघेना. ओठही उघडेनात. तिने दुसऱ्या हाताने बोट ओढायचा प्रयत्न केला आणि वडिलांकडे पाहिलं.

"भाऊजी... सोडू?"

"आत कोणी बोलतंय का?" चष्मेवाली बाई मागे सरकली.

लेकीनेही ऐकलं होतं. तो आवाज ती कसा विसरेल? तिच्या डोळ्यांत भीतीच्याही आधी प्रश्न उभा राहिला. काय म्हणायचं ते कानसेनाला ठाऊक होतं. दोन अक्षरं. पण ती म्हटली की सगळंच सांगितल्यासारखं होतं. शेजारी बसलेल्या माणसाला कोणी असं विचारत नाही.

आणि हा अख्ख्या जगाला बहिरं म्हणणारा माणूस काय म्हणाला असेल?

"मला... मला काही ऐकू आलं नाही."

लेकीचे ओठ निळे पडायला लागले. बाईने वायर ओढली, बॅटऱ्या काढून काचेवर टाकल्या. एक बॅटरी घरंगळत जाऊन खाली पडली. कीबोर्डमधून तिसऱ्यांदा आलं, आता अगदी क्षीण, अगदी नम्र.

"भाऊजी... सोडू का?"

लेकीचे गुडघे वाकले.

"सोड!" कानसेन ओरडला. "सोड रे बाबा, सोड! सोड!"

लेकीने हंबरडा फोडल्यासारखा श्वास घेतला आणि काउंटरवर कोसळली. आणि त्या दोन इवल्या स्पीकरमधून एक श्वास बाहेर आला. नुसता बाहेर. लांब, ओलसर, संपता संपेना असा. काउंटरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत धुकटली. दुकानभर छातीला चोळायच्या बामाचा वास पसरला. मग सगळं शांत झालं, साधं, दुकानात असतं तसं.

काउंटरला धरून लेक सरळ झाली आणि बोलली. आवाज बसला होता.

"तुम्ही शेजारी होतात ना बाबा? हात हातात होता ना?"

कानसेनाने वाकून खाली पडलेली बॅटरी उचलली.

"मग तो विचारत का होता? कुठे होतात तुम्ही?"

"चहा..." तो म्हणाला. "चहा प्यायला गेलो होतो."

लेकीने डोळे पुसले नाहीत. कीबोर्ड उचलला, पिशवीत ठेवला. "हाच नेते," ती बाईला म्हणाली. आणि दारातून मागे न बघता म्हणाली, "तुम्ही येऊ नका शनिवारी." तो गेला नाही. गेला असता तरी काय तोंडाने?

आता कानसेन घरीच असतो. कुणाला बहिरं म्हणत नाही. म्हणायला कोणी येतही नाही म्हणा. फक्त रोज सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या, त्याचा श्वास आत जातो आणि तिथेच थांबतो. सोडावा म्हटलं तरी सुटत नाही. मग तो मान ताठ करून, त्या जगप्रसिद्ध कानांनी वाट बघत बसतो. मागच्या खोलीच्या बंद दारापलीकडून आवाज येतो, "सोड." आवाज त्याचाच आहे, अठरा वर्षांपूर्वीचा, कंटाळलेला. तेव्हा कुठे श्वास सुटतो.

पहिल्या दिवशी तो आवाज लगेच आला होता. मग दहा आकडे मोजेपर्यंत. मग वीस. आज सकाळी कानसेनाने पन्नासपर्यंत मोजलं, डोळ्यांपुढे काळं आलं, तरी दारापलीकडे कोणी काही बोलेना. कान दिला तर फार लांबून, बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. आणि घरभर आल्याचा वास.