न उगवलेले शंभर दाणे

"शून्य," पुण्याहून फोनवर वसुधा मॅडम म्हणाल्या. "शंभरातला एकही दाणा उगवला नाही."

शाल्मलीने चहाचा कप खाली ठेवला. "शून्य, की शून्याच्या आसपास?"

"शून्य. आम्ही दोनदा लावून पाहिलं."

वसुधा मॅडम ज्या न्यासात होत्या, त्या न्यासाकडे बेळगुंदीच्या सत्तावीस बायकांनी निधीसाठी अर्ज केला होता. गावची जुनी वाणं जपणारी बियाणे बँक त्यांनी स्वतः उभी केली होती. आता तिला एक पक्की, कोरडी, उंदीर शिरणार नाही अशी खोली हवी होती. आधीचे सात अर्ज फेटाळले गेले होते. हा आठवा शेवटच्या फेरीत पोचला होता. सगळे अर्ज लिहिले होते शाल्मलीने. ती बेळगावातल्या शिक्षकाची मुलगी, वनस्पतिशास्त्राची एमएस्सी, आणि हे काम ती फुकट करत होती.

"बाकीच्या चार वाणांची उगवण तुमच्या आकड्यांशी जुळते," मॅडम म्हणाल्या. "पण अर्ज उभा आहे तो तुमच्या गावच्या जुन्या बासमतीवर. त्याच्यापुढे तुम्ही त्र्याण्णव टक्के लिहिलंय. खाली दिपाली पाटील यांची सही आहे."

"आकडा खरा आहे. मी स्वतः मोजलाय."

"मग लेखी खुलासा द्या. शुक्रवारी पाचपर्यंत. नाहीतर अर्ज बाद होईल आणि खोटी माहिती देणाऱ्यांच्या यादीत संस्थेचं नाव जाईल. ती यादी आम्ही इतर देणगीदारांनाही पाठवतो."

आज बुधवार होता. शाल्मलीने स्कूटर काढली.

बेळगुंदीच्या रस्त्याला लागल्यावरही तिच्या डोक्यात तेवढा एकच आकडा होता. जुनं बी असलं तरी शंभरात वीसतीस दाणे उगवतात. ओल लागलेल्या बियातले पाचदहा तरी मान वर काढतात. पेटी वाटेत उन्हात तापली असती, तर पाचही वाणं बिघडली असती. एकाच पेटीतली चार वाणं जिवंत आणि पाचवं झाडून मेलेलं, हे आपोआप होत नाही.

हे कुणीतरी केलं होतं.

बियाणे बँकेचं कार्यालय म्हणजे देवळामागची एक खोली. बँकेची अध्यक्ष दिपाली तिथे बसून होती. फोनवर तिला सगळं कळलं होतं.

"सही माझी हाय," ती म्हणाली. "म्हणजे खोटारडी मीच. ज्यानं केलंय त्याला मी सोडणार न्हाय, शाल्मली. घरचा असला तरी."

"संशय कुणावर?"

"आणि कुणावर? विक्रमवर. कंग्राळीच्या संस्थेचे कागद तोच करतोय. ती संस्था दुसऱ्या नंबरला हाय. आपण पडलो की ती वर."

विक्रम हा पिरनवाडीचा सल्लागार. संस्थांचे कागद तयार करून देणं हाच त्याचा धंदा. बेळगुंदीचा न्यासाशी व्हायचा करारही त्याच्याकडेच होता.

"क्रमाने सांग, आक्का. चाचणीचं बी कधी आलं?"

"चार तारखेला. नागोजीअण्णांच्या कणगीतलं. बासमतीचं ते जुनं वाण आता त्येंच्याच घरात ऱ्हायलंय."

"दहाला मी मोजलं. ओल्या गोणपाटात शंभर मांडले होते, त्र्याण्णव उगवले. पुढे?"

"अकराला बैठक झाली. विक्रमनं करार समजावून सांगितला. चौदाला नमुन्याचं बी घेऊन अण्णा आणि त्येंच्या मालकीणबाई, आपल्या मालुआज्जी, आले. सगळ्यांच्या समोर पिशव्या भरल्या. मालुआज्जींनी शिवल्या. पंधराला विक्रम पेटी घेऊन गेला."

"अकरा ते चौदाच्या मधे तू अण्णांकडे गेली होतीस?"

"तेराला गेलते, आठवण करायला. आज्जी अंगणात होत्या. सुपात भात वाळत घातलं होतं. म्हटलं, विसरू नका. म्हणाल्या, न्हाय विसरत."

"सुपात?"

"व्हय. एवढंसं. का गं?"

शाल्मली उठली. तिने कपाट उघडलं. प्रत्येक वाणाच्या दोन पिशव्या भरायच्या, एक पाठवायची आणि एक जवळ ठेवायची, हा तिचाच आग्रह होता. तेव्हा सगळ्या बायका हसल्या होत्या. तिने बासमतीच्या पिशवीचे टाके पाहिले. बारीक, एकसारखे, न उसवलेले. पिशवी उघडून तिने दोन दाणे काढले आणि नखाने तूस सोललं. दुसऱ्या वाणाच्या पिशवीतलेही दोन सोलले आणि चारही दाणे खिडकीशी धरले.

दुसऱ्या वाणाचे दाणे पोटाशी पांढुरके होते. बासमतीचे दाणे पिवळसर, काचेसारखे आरपार दिसत होते. तिने एक दाताखाली धरला. तो फुटेना.

"विक्रमला नंतर धर," ती म्हणाली. "आधी मला त्याला भेटू दे."

विक्रमचं कार्यालय पिरनवाडीत, झेरॉक्सच्या दुकानावर होतं. शाल्मलीला पाहताच त्याने खुर्ची पुढे केली.

"माझंच नाव घेताय ना? दिपालीआक्कांचे तीन फोन येऊन गेलेत."

"पेटी तुझ्याकडे किती वेळ होती?"

"दोन तास. तिथून घेतली, इथे आणून कुरिअरला दिली. पावती बघा, वेळ लिहिलीय."

"दोन तासांत पिशवी बदलता येते."

"मॅडम, पिशवी शिवलेली होती. मला शर्टाचं बटण लावता येत नाही. आमच्या मंडळींना विचारा."

शाल्मलीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "कराराची प्रत दे."

"बावीस पानं आहेत. सगळं ठरावीक असतं त्यात."

"तू वाचलास?"

"चाळला."

तिनेही फक्त अर्ज आणि अंदाजपत्रक वाचलं होतं. करार तिने विक्रमवर सोडला होता. आता तिथेच बसून तिने सगळा वाचला. चौदाव्या कलमाशी ती थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा वाचलं. मग पिशवीतून बैठकीच्या इतिवृत्ताची वही काढली. अकरा तारखेचं पान तिच्याच अक्षरात होतं. शेवटून तिसरी ओळ अशी होती: 'मालुबाई: हे बी परत मिळणार का? विक्रम: मूठभर भात परत कोण देतं, आज्जी? (हशा)'

हसणाऱ्यांत तीही होती.

"उद्या दुपारी बेळगुंदीला ये," ती विक्रमला म्हणाली. "नागोजीअण्णांच्या घरी. करार घेऊन ये."

गुरुवारी दुपारी नागोजीअण्णांच्या सोप्यात पाच माणसं बसली. अण्णा खांबाला टेकून होते. त्यांची बायको मालुबाई उंबऱ्याजवळ शेंगा फोडत होती. दिपाली विक्रमकडे बघतही नव्हती.

"अण्णा," शाल्मलीने सुरुवात केली, "चौदा तारखेला नमुन्याचं बी तुम्ही कणगीतून काढलंत?"

"मी? न्हाय बा. कणगीला आम्ही बाप्ये हात लावत न्हाय. बी काढायचं, निवडायचं, ठेवायचं, ते हिचं. मी नुसती पिशवी उचलली."

"वाटेत कुठे ठेवलीत?"

"कुठंबी न्हाय. ही संगंच होती."

"आता मी सांगते ते ऐका. चुकलं तर थांबवा." शाल्मलीने चटईवर कागद पसरला आणि त्यावर दाणे मांडले. "पुण्याला गेलेलं बी मेलेलं होतं. आपल्या कपाटातल्या जोडपिशवीतलंही मेलेलंच आहे. ती पिशवी गावाबाहेर गेलेलीच नाही. म्हणजे बी पेटीत पडायच्या आधीच मेलं होतं. विक्रमचा हात त्याला पंधरा तारखेला लागला."

"बघा," विक्रम दिपालीला म्हणाला.

"तू गप ऱ्हा. तुझं अजून व्हायचं हाय."

"कशाने मेलं, ते दाण्यात दिसतं. कच्च्या तांदळाला पोटाशी पांढुरका डाग असतो. भात भिजवून उकडलं की आतलं पीठ शिजतं, डाग जातो, दाणा पिवळसर होऊन काचेसारखा दिसतो आणि टणक होतो. हे उकडं भात आहे."

"बासमतीचा उकडा?" अण्णा ताठ बसले. "कोण येडं करंल? वासच जातोय की."

"खायला कुणी करणार नाही. म्हणूनच हे खाण्यासाठी केलेलं नाही. भिजवायला एक रात्र लागते, वाळवायला दोन दिवस. चार तारखेचं बी जिवंत होतं, चौदाचं मेलेलं. मधले दिवस ते याच घरात होतं. तेराला दिपालीआक्का इथे आल्या, तेव्हा अंगणात सुपात भात वाळत होतं. उकडा करायचा तर हंडाभर करतात. सूपभर कोण करतं?"

दिपालीने मान हळूहळू उंबऱ्याकडे वळवली.

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

"सूपभर करतं ते," शाल्मली म्हणाली, "ज्याला फक्त दोन पिशव्या भरायच्या असतात. आज्जी, तुम्हीच केलंत ना?"

"व्हय," मालुबाई म्हणाली. "मीच उकडलं."

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. दिपाली उठून उभी राहिली.

"आज्जी, माझी सही हुती त्याच्यावर."

"तुझी सही खरीच हाय की. त्र्याण्णव उगवलं, मीबी बघितलं. आपण मोजून, लिहून दिल्यावर ती माणसं पुन्यांदा कशाला मोजतील? मला वाटलं, बघतील, ठेवून देतील. तुझ्यावर येतंय म्हणून ठावं असतं तर काल सकाळीच सांगितलं असतं."

"पण का केलासा?"

"बी परत देणार न्हाईत म्हणाला न्हवं ह्यो?" तिने विक्रमकडे बोट केलं. "आपल्यात एक मापटं बी नेलं तर सुगीला सव्वा मापटं परत येतंय. माझ्या सासूनं दिलेलं, तिच्या सासूनं तिला दिलेलं. दिलं की परत येतंय, म्हणून तर टिकलं. जो परत देणार न्हाय, त्येला पेरायचं बी मी का म्हणून देऊ? खायचं भात दिलं. मी विचारलं हुतं की बैठकीत. तुम्ही हसलासा."

शाल्मलीने करार उघडला.

"आज्जींनी जे नुसत्या एका उत्तरावरून ओळखलं, ते इथे लिहिलेलं आहे. कलम चौदा. पाठवलेले सर्व नमुने न्यासाच्या मालकीचे होतील. न्यास आणि त्याच्या सहयोगी कंपन्या ते वाढवू शकतील, त्यांवरून नवीन वाण तयार करू शकतील आणि त्याची नोंदणी स्वतःच्या नावावर करू शकतील. संस्थेला त्यावर हक्क सांगता येणार नाही."

"म्हंजे आमचंच बी," अण्णा सावकाश म्हणाले, "उद्या आम्हाला इकत घ्यायला लागंल?"

"लागू शकतं. हे बी उकडलेलं नसतं, तर आपण न वाचताच सही केली असती आणि ते गेलं असतं. परत आणायचा काही उपाय उरला नसता. करार मी वाचायला हवा होता. नाही वाचला."

"असलं कलम खूप करारांत असतं," विक्रम म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "कुणी वाचत नाही. हे बघा, अजून वेळ आहे. पेटीला ऊन लागलं म्हणून लिहू. नवा नमुना पाठवू. खोली होऊन जाईल."

"त्याच पेटीतली चार वाणं उगवलीत," शाल्मली म्हणाली. "हे खोटं तिथे एका मिनिटात पकडतील."

"आणि ऊन खरंच लागलं असतं तरी न्हाय," दिपाली म्हणाली. ती पुन्हा खाली बसली, मालुबाईच्या अगदी शेजारी. "नवा नमुना म्हणजे जितं बी. ते द्यायचं न्हाय. लिही, शाल्मली. मी सांगते तसं."

पत्र अर्ध्या पानाचं झालं. त्यात एकदाही क्षमा मागितलेली नव्हती. 'आमचा उगवणीचा आकडा खरा आहे. पाठवलेलं बी आमच्याच सभासदाने उकडलं, कारण ते परत मिळणार नाही असं सांगण्यात आलं. कलम चौदा काढल्याशिवाय आम्ही सही करणार नाही, तोवर पाठवलेल्या चार वाणांवरही तुमचा हक्क नाही, आणि बेळगुंदीचं जिवंत बी यापुढे गावाबाहेर पाठवणार नाही. उगवण बघायची असेल तर इथे या, तुमच्यासमोर लावून दाखवू. आम्ही खोटं बोललो असं यादीत लिहिलंत, तर ती यादी ज्यांना जाते त्या प्रत्येक देणगीदाराला आम्ही हे पत्र पाठवू.' खाली दिपालीने सही केली. मग मालुबाईने अंगठ्याऐवजी, वेळ घेऊन, नाव लिहिलं.

शुक्रवारी साडेचारला फोन आला. सगळे देवळामागच्या खोलीत होते. दिपालीने स्पीकर चालू केला.

"पत्र वाचलं," वसुधा मॅडम म्हणाल्या. "एकेचाळीस संस्थांना हा करार गेला होता. चौदाव्या कलमाबद्दल लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"बाकीच्यांनी सही केली?"

"केली." मग त्या म्हणाल्या, "यादीत तुमचं नाव जाणार नाही, एवढं मी आज सांगू शकते. पत्र समितीपुढे ठेवते. पण कलम निघेलच असं नाही, आणि ते नाही निघालं तर निधीही नाही."

"चालंल," दिपाली म्हणाली. "सात वेळा न्हाय म्हणून ऐकलंय. आठव्यांदा आम्ही म्हणू. बी तर घरातच हाय."

"सोमवारी मी स्वतः येते. उगवण बघायला."

दिपालीने मालुबाईकडे पाहिलं. मालुबाईने पदर सारखा केला आणि फोनजवळ वाकली.

"या की, बाई. जेवायलाच या. येताना पिशवी तेवढी आणू नका."