अर्धा ठिपका

लुंबिनी दर मंगळवारी एका आखाड्यावर, शेतातल्या घरी जायची. नांदेडहून हदगावपर्यंत बस, पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर, शेवटचा तुकडा कापसातून पायी. पिशवीत दुखणं थांबवायच्या गोळ्या, मलम, कापूस आणि एक कागद. जी माणसं आता बरी होणार नाहीत त्यांच्या घरी जायचं, त्यांना वेदना होऊ द्यायच्या नाहीत, आणि शेवट कसा हवा ते त्यांनाच विचारून लिहून घ्यायचं, ही तिची नोकरी. दवाखान्यातल्या मैत्रिणी हसायच्या. लुंबिनी चिडायची. लग्नाचा बेत सहा महिने चालतो, मग मरणाला एक तास द्यायला काय होतं?

तिथल्या नागाबाईच्या पोटात गाठ होती. पहिल्याच दिवशी बाजेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "लिही पोरी. मला नांदेडला न्यायचं न्हाई. बाजंवर मरायचं न्हाई, भुईवर घ्या. अन् पाणी माझ्या पोरानं, देविदासनं पाजावं."

"आणखी काही?"

"सून चहात साखर कमी घालती. ते बी लिही."

लुंबिनीनं खरंच लिहिलं. मग सून उज्वलाला बजावलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. बदलली की खूण करा.

तीन आठवड्यांनी पाठ लहान पोराची असावी तशी स्वच्छ होती. बाजेमागच्या भिंतीवर चुन्याच्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक ठिपका अर्धाच, नखाएवढी चंद्रकोर.

"उज्वलाताई, दवाखान्यातसुद्धा कुणी अशी पाठ राखत नाही!"

उज्वला गोंधळली. "मी तर सकाळीच कापूस वेचायला जाते, सिस्टर. दुपारी भाकरीपुरती येते. दिवसा तुमची बाई येती नं?"

"कोणती बाई?"

बाहेर बाभळीवर होले घुमत होते. भर दुपार होती, तरी खोलीत गारवा वाटला. आणि तंबाखूचा वास.

"कुत्री शिरतात म्हणून मी बाहेरून कडी लावून जाते," उज्वला हळूच म्हणाली. "मला वाटलं... तुम्हीच कुणाला पाठवता..."

बाजेवरून नागाबाई खुदकन हसली. "जाऊ येती माझी. विठाबाई."

उज्वलाच्या हातातली वाटी कलंडली. "थोरल्या सासूबाईंना जाऊन चार वर्षं झालीत, सिस्टर."

मग तिनं सगळं सांगितलं. देविदासला विठाबाईनंच वाढवलं. कडबा कापताना तिच्या बोटाचं टोक गेलं होतं. त्याच बोटानं ती तंबाखूला चुना लावायची. शेवटी देविदासनं तिला नांदेडला अतिदक्षता विभागात ठेवलं. अकरा दिवस. आत कुणाला सोडलं नाही. बाहेर बाकावर नागाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बसून होती. तो भरलेलाच परत आला.

लुंबिनी विज्ञान शिकलेली. तिनं कडी ओढून पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले. उत्तर सापडलं नाही, तेव्हा तिनं कागदावर फक्त लिहिलं: 'पाठ उत्तम.'

गुरुवारी उज्वलाचा फोन आला. मायचा श्वास बदललाय, यांनी रुग्णवाहिका बोलावलीय.

लुंबिनी धापा टाकत पोचली तेव्हा गाडी धुऱ्याला, शेताच्या बांधाशी उभी होती. गाडीला वाट दाखवायला नवरा-बायको दोघंही रस्त्यावर जाऊन नुकतेच परतले होते; दाराला अजून बाहेरून कडी होती.

"भाऊ, त्यांनी लिहून दिलंय, न्यायचं नाही म्हणून," लुंबिनी देविदासला म्हणाली.

"तुमचं काय जातंय, सिस्टर? उद्या भावकी म्हणंल, पोरानं मायला घरात मरू दिलं."

"आणि माय काय म्हणते?"

देविदासनं कडी काढली.

बाज रिकामी होती.

नागाबाई भुईवर होती. धुतलेल्या गोधडीवर, कुशीवर, दोन पायांमध्ये उशी, अगदी लुंबिनीनं दाखवलं होतं तशी. भोवतीची भुई नुकतीच सारवलेली, अजून ओली. त्या सारवणावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या. नागाबाईचे ओठ मात्र कोरडे होते. ते काम राखून ठेवलं होतं.

तांब्याच्या काठावर चुन्याची एक चंद्रकोर होती.

"मोठी माय..." देविदास दारातच खाली बसला. "चुकलं माझं... लई चुकलं..."

कोपऱ्यातून तंबाखू मळल्याचा आवाज आला. हळू, सवयीचा. मग दोन टाळ्या, चुना झटकल्याच्या.

देविदास गुडघ्यांवर सरकत गेला. त्यानं मायचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. नागाबाईनं डोळे उघडले, त्याच्या गालावरून हात फिरवला. गाडी रिकामी परत गेली. दिवेलागणीच्या आधी, त्याच्याच मांडीवर, ती गेली.

पुढच्या मंगळवारी लुंबिनी किनवटकडच्या जंगलातल्या एका खेड्यात होती. नवा रुग्ण, पहिलीच भेट. दगडोबा. झोपडीत एकटाच, आठवड्याभरापासून अंथरुणाला खिळलेला. पाठीच्या जखमा धुवायची सगळी तयारी तिनं आधीच करून ठेवली आणि त्याला हलकेच कुशीवर वळवलं.

पाठ स्वच्छ होती.

"आजोबा... कूस कोण बदलतं तुमची?"

"तुमच्या त्या दोघी येतात नं," दगडोबा म्हणाला. "चार दिवस झाले. एक तंबाखू मळत बसती. दुसरी लई गोड हाय, पण शेजारून येतो त्या माझ्या चहाला नावं ठेवती. साखर कमी म्हणती."

लुंबिनीनं सावकाश मान वर केली. कुडाच्या भिंतीवर चुन्याचे ठिपके होते. जोडीजोडीनं. एक अर्धा, एक पूर्ण.

तिनं शेवटच्या जोडीला बोट लावलं. चुना ओला होता.